सुट्टीत कुठे जाणार?

शेवटचा पेपर टाकून मुले वर्गाबाहेर पडली की आवारात एकच प्रश्न ऐकू येतो: ‘सुट्टीत कुठे जाणार?’ उत्तरेही ठरलेली असतात. कोणी मामाकडे पुण्याला, कोणी गोव्याला, ज्यांच्या घरचे बरे चालले आहे ते सिमला-मनालीला. उरलेले ‘कुठे नाही, इथेच’ असे म्हणतात. आणि तेही इतक्या खालच्या आवाजात, की जणू त्यांच्या हातून काही गुन्हाच घडला आहे. हा लेख या ‘इथेच’वाल्यांसाठी आहे. मीही त्यांच्यातलाच.

गेल्या वर्षी वर्गात सहज विचारले, ‘किल्ल्यातली कमल बस्ती किती जणांनी पाहिली आहे?’ साठांच्या वर्गात नऊ हात वर आले. त्यांतल्या दोघांनी ती बाहेरून पाहिली होती. ज्यांनी पाहिली नव्हती त्यांच्यात शहापूर, वडगाव, अनगोळ येथे जन्मलेली मुले होती. रोज किल्ल्याच्या तळ्यावरून बसने येणारीही होती. एक मुलगी म्हणाली, ‘सर, ते काय, कधीही बघता येईल.’ हे ‘कधीही’ फार फसवे असते. त्याचा अर्थ बहुधा ‘कधीच नाही’ असा होतो. मुलांना हसण्याचा अधिकार मला नाही. कारण हलशी मी स्वतः प्रथम पाहिली तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती, आणि हलशी आपल्यापासून अवघ्या चाळीस किलोमीटरवर आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, बेळगाव आणि त्याचा परिसर पाहायला मे महिन्यासारखा महिना नाही. आणि तो पाहायचा तर या कॉलेजातल्या मराठी आणि कन्नड मुलांनी मिळून पाहावा. यातले पहिले मत लोकांना विक्षिप्त वाटते आणि दुसरे जरा धोक्याचे.

पहिल्याविषयी आधी बोलू. आपल्याकडे सहल म्हटली की पावसाळा. आंबोली, चोर्ला, गोकाक, वज्रपोह; जिथे पाणी उंचावरून पडते तिथे आपण जातो, भिजतो, भजी खातो आणि परत येतो. यात वाईट काही नाही. पण पावसात माणसाला पाण्याशिवाय दुसरे काही दिसत नाही. गोकाकला घटप्रभा सुमारे एकशेसत्तर फूट खाली उडी घेते, ते दृश्य जुलैत पाहावे हे खरेच. पण त्याच जागी एकदा मेमध्ये जाऊन उभे राहा. नदीची एक बारीक धार उरलेली असते आणि जुलैत तिच्याखाली झाकला जाणारा तो प्रचंड खडक, नालेच्या आकाराचा, थरावर थर चढलेला, उघडा पडलेला असतो. नदीने हजारो वर्षे काय उद्योग केला हे तेव्हा कळते. तिथेच धबधब्याच्या माथ्यावर चालुक्य काळातली देवळे आहेत. पावसाळ्यात तुषारांमुळे आणि गर्दीमुळे त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. मे महिन्यात त्यांच्या सावलीत बसून करदंट खाता येतो.

किल्ल्यांचेही तसेच. पावसात तटावर गवत माजते, वाटा बुजतात, शेतांच्या बांधावरचे वीरगळ हिरव्या पाल्यात बुडून जातात. उन्हाळ्यात गवत वाळते, उरलेले गुरे खाऊन टाकतात आणि दगड दिसू लागतो. इतिहास पाहायचा तर दगड दिसायला हवा. राजहंसगडावर, म्हणजे आपल्या येळ्ळूरच्या गडावर, मेमधल्या पहाटे गेलात तर बुरुजांचा काळा चिरा न् चिरा मोजून घ्यावा इतका स्वच्छ दिसतो. उन्हाचे म्हणाल, तर बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. जुने लोक याला गरिबांचे महाबळेश्वर म्हणत ते उगीच नव्हे. दुपार तापते, पण चार वाजता पश्चिमेकडून ढग येतात, वळीव कोसळतो आणि रात्री चादर लागते. सकाळी सहाला निघावे, अकरापर्यंत हिंडावे, दुपारी एखाद्या देवळात टेकावे. जुन्या देवळाच्या मंडपात मे महिन्याच्या दुपारी जो गारवा असतो, तो घरच्या पंख्याखाली नाही.

आणि करवंदे? जांभळे? काजूची बोंडे? खानापूरच्या रानाने वर्षभर राखून ठेवलेला हा खाऊ मेमध्येच मिळतो. जांबोटीकडच्या बायका द्रोणातून विकायला आणतात ती करवंदे आणि जाळीत हात घालून, काट्यांनी ओरखडे काढून घेऊन खाल्लेली करवंदे यांच्या चवीत जो फरक आहे तो शिकवून समजण्यासारखा नाही.

आता किल्ला. बेळगावचा किल्ला १२०४ च्या सुमारास रट्टांच्या अमदानीत उभा राहिला असे मानतात. त्याच साली रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने आत एक जिनालय बांधले. तीच आजची कमल बस्ती. आत गेल्यावर मान वर करावी. छतातून दगडाचे एक कमळ खाली लोंबते आहे. दगड इतका हलका कसा वाटू शकतो, हे मला अजून कळलेले नाही. गाभाऱ्यात नेमिनाथ आहेत. या बस्तीच्या दानाचे जे दोन शिलालेख होते ते मात्र तिथे नाहीत. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्या गावाचे ‘वेणुग्राम’ हे नाव, म्हणजे बांबूचे गाव, ज्या दगडांवर कोरले आहे, ते पाहायला आपल्याला पारपत्र काढून विमानाने जावे लागेल. २०१४ पासून सरकारी पाटीवर ‘बेळगावी’ आहे, आपल्या तोंडी बेळगाव आहे. या दोन नावांवरून आपण किती घसा कोरडा केला! पण त्या दोन्ही नावांचा आजा साहेबाच्या देशात एका दालनात पडून आहे, याची हळहळ कोणाला वाटल्याचे मी ऐकलेले नाही.

किल्ल्यातच साफा मशीद आहे. विजापूरकरांचा सुभेदार असदखान याने १५१९ मध्ये ती बांधली. तिच्यातल्या दोन खांबांवर जुने लेख आहेत: एक ११९९ चा, त्याच रट्ट कार्तवीर्याच्या काळातला, आणि दुसरा १२६१ चा, देवगिरीच्या यादव राजा कृष्णाच्या काळातला. लेखांची भाषा कन्नड आहे. आणि लिपी? नागरी. मी हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो. मशिदीत उभे असलेले देवळाचे खांब, त्यांवर आपल्या बाळबोध लिपीच्या आजीने लिहिलेले कन्नड, आणि एका लेखात ज्यांना आपण मराठी राजे म्हणतो त्या यादवांचे नाव! या किल्ल्यातून कोणी एका बाजूचा पुरावा शोधू गेला तर त्याची मोठी पंचाईत होईल. (किल्ल्याचा बराचसा भाग लष्कराकडे आहे, कुठे जाता येते आणि कुठे नाही हे आधी विचारून घ्यावे. उगाच पहारेकऱ्याशी वाद घालू नये. तो आपले काम करीत असतो.)

याच किल्ल्यात १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद काही दिवस राहिले होते. त्या वेळी त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. शिकागोला अजून वर्ष होते. आधी ते शहरात भाटे वकिलांकडे उतरले, मग किल्ल्यात हरिपद मित्र या वनखात्यातल्या बंगाली अधिकाऱ्याकडे. ते घर आज रामकृष्ण मिशनच्या आश्रमात जपलेले आहे. तिथे आवाज न करता बसता येते, हा या शहरातला दुर्मिळ आनंद.

टिळकवाडीतली काँग्रेस विहीर तर बसच्या खिडकीतून रोज दिसते. महात्मा गांधींनी काँग्रेसचे अध्यक्षपद आयुष्यात एकदाच घेतले, ते डिसेंबर १९२४ च्या बेळगावच्या अधिवेशनात. हजारो लोक येणार, त्यांना पाणी कुठून द्यायचे, म्हणून ही विहीर खणली आणि तिचे नाव ठेवले पंपासरोवर. अधिवेशनाच्या नगराला विजयनगर म्हटले होते. सारी खटपट गंगाधरराव देशपांड्यांची. २०२४ मध्ये शताब्दी झाली, रोषणाई झाली. रोषणाई उतरल्यावर किती जण विहिरीच्या काठाशी थांबले, कोण जाणे.

आता हलशीविषयी सविस्तर सांगतो, कारण माझ्या दुसऱ्या म्हणण्याचा उगम तिथे आहे.

मागच्या मेमध्ये सात मुले घेऊन मी हलशीला गेलो. चार मराठी घेणारी, तीन कन्नड. अधिकृत सहल नव्हती. अधिकृत सहल म्हटली की परवानगीचे कागद आणि बसमध्ये कर्णा येतो. खानापूरपर्यंत रेल्वे, पुढे नंदगडवरून बस. गाडीत चार मुले एका बाकावर, तीन समोरच्या. खानापूर येईपर्यंत दोन्ही बाक आपापल्या मोबाइलात. कँटीनमध्येही असेच असते, आपण सगळे पाहतो. फार कशाला, हा अंक हातात आल्यावर आपण काय करतो? आपल्या विभागाची पाने वाचतो, दुसऱ्या विभागातले फोटो पाहतो आणि अंक ठेवून देतो.

नंदगडला उतरलो. संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी १८३१ मध्ये इथे फाशी दिले. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा हा शिलेदार. १८२४ मध्ये कित्तूरच्या लढाईत कलेक्टर थॅकरे पडला, नंतर किल्ला गेला, राणी कैदेत पडली, आणि रायण्णाने रानात राहून झुंज चालू ठेवली. त्याच्या समाधीवर वडाचे झाड आहे. तिथे एक कन्नड मुलगा म्हणाला, ‘सर, आमची आजी रायण्णाची लावणी म्हणते.’ चौघे मराठी एकदम हसले. त्याचा चेहरा उतरला. मग मी सांगितले की कन्नडमध्ये लावणी म्हणजे वीराची कथा, आपण जिला पोवाडा म्हणतो ती. शब्द एकच, पण घाटाच्या या अंगाला त्याने तलवार घेतली आणि त्या अंगाला घुंगरू बांधले. हसणाऱ्यांपैकी एक जण थोड्या वेळाने त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, ‘म्हणून दाखव की.’ त्याने दोन कडवी म्हटली. फारशी समजली नाहीत, पण ठेका समजला. पुढच्या बसमध्ये बाकांची वाटणी राहिली नव्हती.

हलशीचे जुने नाव पलाशिका. नावातच पळस आहे. बनवासीच्या कदंबांची ही पाचव्या-सहाव्या शतकातली दुसरी राजधानी. आज तिथे उतरलात तर कौलारू घरे, शेणाने सारवलेली अंगणे आणि झाडाखाली बांधलेली गुरे दिसतात. ही राजधानी होती हे कोणी सांगितल्याशिवाय खरे वाटत नाही. या गावात कदंबांचे ताम्रपट सापडले. काकुस्थवर्मा, मृगेशवर्मा, रविवर्मा यांची ती दानपत्रे संस्कृतात आहेत आणि दान दिले आहे जैनांना. मृगेशवर्म्याने तर वडिलांच्या स्मरणार्थ इथे जिनालय बांधले. पुढे सहाशे-सातशे वर्षांनी गोव्याचे कदंब आले. त्यांच्या शिवचित्त पेर्माडीच्या काळातला ११६९ चा लेख भूवराह नृसिंह मंदिराशी निगडित आहे. म्हणजे ज्या गोव्याला आपण वाळूत लोळायला जातो, तिथल्या राजांनी आपल्या तालुक्यात देऊळ बांधून ठेवले आहे. आपण तिकडे जातो, ते इकडे आले होते.

देवळाचा बाहेरचा भाग साधा आहे. हळेबीडच्या कोरीवकामाची सवय झालेल्या डोळ्याला तो जरा रुक्षच वाटेल. पण आत दोन गाभारे आहेत, मंडपाच्या दोन टोकांना, समोरासमोर. एकीकडे नृसिंह, दुसरीकडे पृथ्वीला उचलून धरलेला वराह. मध्ये उभे राहिले की कोणाकडे पाठ करावी ते कळत नाही. मुले थोडी गोंधळली, मग कडेला सरकली. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने विचारले, ‘एवढ्या उन्हाचं काय बघायला आलासा?’ मराठीत विचारले. आणि उत्तराची वाट न पाहता पाठीमागच्या नातवाला कन्नडमध्ये हाक मारून पाणी आणायला सांगितले. तिला एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना उंबरा ओलांडावा लागला नाही. आमच्या सातांपैकी किती जणांना ते जमते? दोघांना. तेही दोघे खेड्यातून येणारे.

दुपारी देवळाबाहेर झाडाखाली डबे उघडले. कडक भाकरी, एण्णेगाई, दहीभात, आणि प्रत्येक डब्यात शेंगांची चटणी. ती मूळची कोणाची, यावर पंधरा मिनिटे गंभीर चर्चा झाली. निकाल लागला नाही, चटणी मात्र संपली.

सीमाप्रश्नाविषयी मी इथे बोलत नाही, याचा अर्थ मला मत नाही असा नव्हे. ते आहे, आणि ज्याला ऐकायचे आहे त्याला मी ते सांगतो. पण प्रश्न न्यायालयात आहे आणि तो सुटेपर्यंत डोळे मिटून बसा असे काही न्यायालयाने सांगितलेले नाही. मला खटकते ते असे की, ज्या भूमीसाठी दोन्ही बाजूंची मुले हमरीतुमरीवर येतात, ती भूमी दोघांनीही पाहिलेली नसते. तिच्या लेखांतले कन्नड मराठी मुलाला येत नाही. पेशवाई दप्तरातली मोडी कन्नड मुलाला येत नाही (मराठी मुलालाही येत नाही, हे जाता जाता). एकट्याने गेलात तर अर्धेच दिसते. सौंदत्तीच्या वाटेवर मलप्रभेच्या काठी गुर्लहोसूर आहे. मराठी संगीत नाटकाला जन्म देणारे अण्णासाहेब किर्लोस्कर तिथे १८४३ मध्ये जन्मले. कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्करही तिथलेच, १८६९ चे. लक्ष्मणरावांनी आपला उद्योग बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून सुरू केला. आज त्या गावात उतरून वाट विचारायची तर कन्नड यायला हवे. आणि कोणाचे गाव पाहायला आलो हे गावाला सांगायचे तर मराठी.

आक्षेप मला ठाऊक आहेत. काही ठिकाणी पोचायला बस दिवसातून दोनदाच असते. स्वच्छतागृहे नसतात, आणि याचा त्रास मुलींना अधिक होतो. हे मी हसण्यावारी नेणार नाही. निघण्यापूर्वी चौकशी करावी, मोठ्या गावात सोय पाहून पुढे जावे. घरून मुलींना सोडत नाहीत हीही खरी अडचण. त्यासाठी चारपाच जणींनी मिळून आणि एखाद्या प्राध्यापिकेला सोबत घेऊन जावे. खर्चाची सबब मात्र चालणार नाही. कर्नाटकात २०२३ पासून राज्यातल्या महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. मुलांनी तिकीट काढावे आणि मुलींकडून चहा घ्यावा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगायची आहे. हलशीला एका भिंतीवर कोणीतरी खिळ्याने आपले व आपल्या प्रेयसीचे नाव कोरून ठेवले आहे. मराठीत. शेजारी दुसरी जोडी आहे, ती कन्नडमध्ये. या एकाच कामात आपण दोघे बरोबरीने पुढे आहोत.

जाण्याजोगी ठिकाणे आणखी पुष्कळ आहेत, सगळी मी सांगत बसत नाही. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे, तो मेमध्ये पाहावा. एवढ्याशा पाण्याची पुढे कृष्णेला मिळणारी नदी होते. त्याच खानापूर तालुक्याच्या रानात म्हादई उगम पावते आणि उलट्या दिशेने पणजीच्या समुद्राला जाते. चंदगडकडे महिपालगड आहे, पारगड आहे. देवरवाडीचा वैजनाथ आहे.

येत्या मेच्या पहिल्या रविवारी आम्ही देगावला जाणार आहोत. कित्तूरजवळचे हे गाव. पेर्माडीची राणी कमलादेवी हिच्या नावाचे कमलनारायणाचे देऊळ तिथे आहे, बाराव्या शतकातले. मागच्या सातांपैकी पाच जण येतो म्हणाले आहेत, लावणीवालाही आहे. येताना कित्तूरचा किल्ला पाहू. ज्यांना यायचे असेल त्यांनी सकाळी सहाला मध्यवर्ती बसस्थानकावर यावे, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन. जुने कन्नड थोडेफार लावता येणारा कोणी कन्नड विभागात असेल तर त्याची फार गरज आहे.